अप्पांचं बसत आलेलं नाटक

झालेल्या नाटकाचे फोटो राहतात, न झालेल्या नाटकाचे किस्से! आमच्या भोपाळच्या नाटक ग्रुपकडे कित्येक वर्षं फोटो एकही नव्हता आणि किस्से इतके साठले होते, की कुणाच्या बारशाला आम्ही दोघं-तिघं भेटलो तरी लोक आपणहून खुर्च्या ओढून जवळ येतात. सांगते, पण मध्येच टोकू नका. माझी लिंक तुटते.

तर आमचे अप्पा मुळे. मूळचे ग्वाल्हेरचे, सरकारी ऑफिसात सेक्शन ऑफिसर, राहायला शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये, पहिल्या मजल्यावर. त्यांनी एक दोन अंकी नाटक लिहिलं. मुलीसाठी येणाऱ्या प्रत्येक स्थळात खोट काढणारा एक बाप, आणि त्याला कंटाळलेली त्याची बायको. दिग्दर्शकही अप्पाच. दर रविवारी त्यांच्याच बैठकीत तालीम. मी शाळेत गणित शिकवते. नाटकात मला नाक खुपसणाऱ्या शेजारणीचं काम होतं. (भूमिकेसाठी वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.)

तालीम संपली की अप्पा चष्मा पुसत म्हणायचे, "बसत आलंय. अजून थोडं."

हे 'थोडं' काही संपेना!

* * *

अप्पांना सगळं परफेक्ट लागायचं. नाटकात पहिलं स्थळ येतं तेव्हा दारावर टकटक होते. नुसती टकटक! पण कित्येक रविवार आम्ही तेवढंच करत होतो. अप्पा आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसायचे आणि आमच्यापैकी कुणीतरी बाहेर जाऊन दार वाजवायचं.

"ही तर वसुली करायला आल्यासारखी वाटून राहिली आहे. मुलगा लग्नाचा आहे. लाजरा आहे. पुन्हा!"

एका रविवारी आम्ही सगळे आतच होतो आणि दार वाजलं. अप्पांचे डोळे मिटलेले. "नाही! जीव नाही यात. अजून एकदा!" ते ओरडले.

बाहेर शांतता. मग पुन्हा टकटक, जरा घाबरत.

"अब थोड़ा रुक के!"

बाहेरचा माणूस थोडा थांबला आणि मग त्यानं अगदी हळू दार वाजवलं. अप्पांनी खूश होऊन स्वतः दार उघडलं. समोर कुरिअरवाला, घामाघूम.

"सर... पार्सल है।"

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ये वाला एकदम सही था, बेटा!"

* * *

मिलिंद पुण्याहून बदली होऊन इथल्या कारखान्यात आलेला इंजिनिअर. आला तेव्हा सडपातळ, केसांचा झुपका कपाळावर. अप्पांनी त्याला लगेच नवरदेवाचं काम दिलं. तालमी सुरू झाल्या. मधल्या काळात मिलिंदचं खरोखरचं लग्न झालं. आम्ही जाऊन जेवून आलो. मग मुलगी झाली, तिच्या बारशाचे पेढे तालमीतच वाटले. मग ती मुलगी शाळेत जायला लागली. मिलिंद आपला दर रविवारी तेच वाक्य म्हणतोय, "काका, माझं अजून लग्नाचं वय कुठे झालंय!"

एका रविवारी त्यानं हे वाक्य म्हटलं आणि अप्पा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. झुपका केव्हाच गेला होता, पोट पुढे आलं होतं. अप्पांनी त्याच्या हातातली स्क्रिप्ट काढून घेतली आणि बापाची स्क्रिप्ट हातात दिली.

मिलिंद म्हणाला, "कंपनीत अडकलंय, पण इथे एकही प्रयोग न करता प्रमोशन मिळालं!"

* * *

हॉल बुक करायचं काम माझ्याकडे होतं. टी. टी. नगरात एक छोटा हॉल आहे. तिथले मॅनेजर अतिशय सज्जन गृहस्थ. मी उत्साहानं बुकिंग करायची आणि आठ-दहा दिवसांनी तोंड पाडून रद्द करायला जायची. कधी अप्पांना दुसऱ्या अंकाचा शेवट पटत नसे, कधी सोफ्याचा रंग. एकदा तर 'हवा दमट आहे, आवाज लागत नाही' हेही कारण झालं.

शेवटी शेवटी मला फोन करायची लाज वाटायला लागली. तरी केला. मॅनेजर अगदी प्रेमानं म्हणाले,

"मैडम, बुकिंग और कैंसलेशन एक साथ ही लिख लूँ? आपका एक चक्कर बच जाएगा।"

* * *

आता जरा गंभीर. अप्पांची रिटायरमेंट जवळ आली. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. मुलगी नागपूरला असते. अप्पा आणि त्यांची बायको, आमच्या सुमतीकाकू, कायमचे तिकडे जाणार होते. म्हणजे आता नाटक झालं तर झालं, नाहीतर नाहीच.

आम्ही सगळे हे जाणून होतो आणि कुणी बोलत नव्हतं. त्या रविवारीही तालीम नेहमीसारखीच संपली. अप्पांनी चष्मा काढला. "बसत आलंय. अजून..."

"अहो," काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे. काकू तालमीत कधीच बोलत नसत. "इतकी वर्षं हे नाटक मी कुकरच्या शिट्यांमधून ऐकते आहे. मला ते एकदा समोर बसून बघायचंय. इथून जायच्या आधी."

ट्रे ठेवून त्या आत गेल्या. चहाला कुणी हात लावेना.

दुसऱ्या दिवशी काकू ऑटो करून स्वतः हॉलवर गेल्या. माझ्याऐवजी त्यांना पाहून मॅनेजर चकित. काकूंनी तारीख घेतली आणि त्यांना बजावलं, "भैया, कैंसिल कराने कोई भी आए, मेरे पति भी आएँ, तो कहना कि आंटी ने मना किया है।"

मी अप्पांना एकटं गाठून विचारलं, "अप्पा, तुम्हाला नाटक करायचंय की नाही?"

ते मटार सोलत बसले होते. हातातली शेंग सोलून त्यांनी दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाले, "वैशाली, माझ्या डोक्यात ते फार सुंदर आहे गं. स्टेजवर आलं की जेवढं आहे तेवढंच दिसेल. मग काय करू मी?"

मीही मटार सोलायला बसले.

* * *

प्रयोगाला आठवडा उरला आणि आईचं काम करणारी मुग्धा लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेली. बाळाला घाई होती, त्याला नाटकाचं काय! आम्ही सगळे डोकं धरून बसलो. एकटे अप्पा प्रसन्न दिसत होते. "आता काय, पुढे ढकलावंच लागेल," असं ते इतक्या दुःखानं म्हणाले, की ते सुटकेचं हसू लपवतायत हे कुणालाही कळलं असतं.

तेवढ्यात दारात तिवारी भाभी आल्या. खालच्याच मजल्यावर राहतात, मूळच्या सतनाच्या. काकूंचा डबा परत द्यायला आल्या होत्या. सगळ्यांची तोंडं बघून त्यांनी काय झालं विचारलं, काकूंनी सांगितलं. भाभींनी डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला, कमरेवर हात घेतला आणि मिलिंदकडे वळून कडाडल्या,

"अहो, मी मेल्यावर लावणार आहात का पोरीचं लग्न? म्हणजे माझ्या तेराव्याच्या आणि तिच्या लग्नाच्या पंगती एकदमच उठवता येतील!"

जसंच्या तसं! मुग्धा जिथे श्वास घेते तिथेच श्वास. एवढंच नाही, मुग्धाला मध्ये बरेच दिवस खोकला होता, तोसुद्धा भाभींनी वाक्याच्या शेवटी बरोबर जागेवर दिला!

अप्पा उभेच राहिले. "भाभी! आपको मराठी आती है?"

"नहीं भाईसाहब," भाभी लाजल्या. "बस इतनी ही आती है, जितनी छत से आती है।"

* * *

आणि मग तो दिवस. सकाळीच अप्पांनी जाहीर केलं, की स्टेजवर उजेड कसा पडतो हे बघितलेलं नाही, म्हणून ते येणार नाहीत आणि प्रयोगही होऊ नये. मी समजावायला घरी पोचले, तर काकू इरकली नेसून, गजरा माळून चप्पल घालत होत्या.

"तुमची तयारी होऊ द्या सावकाश," त्या अप्पांना म्हणाल्या, "मी नाटक बघून येते." आणि माझ्या स्कूटीवर बसल्या.

हॉल पूर्ण भरला होता. अर्धे आमचे नातेवाईक, अर्धी क्वार्टरमधली मंडळी. काकू पहिल्या रांगेत, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवून. पडदा उघडला.

पहिल्या पाच मिनिटांत मिलिंदची बोबडी वळली. ब्लँक! प्रॉम्प्टर पान शोधतोय, मिलिंद छताकडे बघतोय. पण भाभींनी नाटक छतातून ऐकलेलं, त्यांना सगळ्यांचीच वाक्यं पाठ! त्यांनी मिलिंदचं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं आणि लगेच त्याला स्वतःचं उत्तरही दिलं. मिलिंद परत तोंड उघडायच्या आत पुढचंही म्हटलं. प्रेक्षकांना वाटलं, ही बाई नवऱ्याला बोलूच देत नाही. हॉल हसून हसून लोटपोट! तिवारीजी मागून ओरडले, "घर में भी यही होता है!" त्यावर वेगळ्या टाळ्या पडल्या.

त्यानंतर सगळं चुकतच गेलं आणि चुकलेलं सगळं रंगत गेलं. मी माझी एंट्री करून विंगेत परत येताना सहज पाहिलं, तर हॉलच्या शेवटच्या दारापाशी, खुर्ची न मिळालेल्या पोरांच्या घोळक्यात, अप्पा उभे होते. घरच्याच सदऱ्यात, पायात स्लिपर. कधी आले होते कोण जाणे.

पहिला अंक संपला. पडदा पडला. अप्पा मध्यंतरात आत येणार हे नक्की होतं. मिलिंदनं घाम पुसला, भाभींनी पदर सारखा केला, मी पाण्याची बाटली घट्ट धरली. काय काय ऐकून घ्यावं लागणार याची मनातल्या मनात मोजदाद चालली होती.

अप्पा जवळजवळ पळतच विंगेत शिरले. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "सॉरी अप्पा!"

त्यांचं लक्षच नव्हतं. डोळे चमकत होते, श्वास लागला होता.

"अरे, उभे काय राहिलात! पडदा उघडा लवकर. सुमती माझ्यासाठी शेजारची जागा धरून बसलीय," ते म्हणाले, "आणि मला बघायचंय पुढे काय होतं!"