ओढणीखालचा माउस

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, होस्टेलच्या मैत्रिणींपाशी नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसले आहे, पण कुठून सुरुवात करावी ते नीट कळत नाही. लॅपटॉपपासून करते. ते सोपं आहे.

कॉलेजात मुली मला कॉम्प्युटरचं काहीबाही विचारायला येतात. कुणाचं मशीन फार हळू चालतं, कुणाला नवीन घ्यायचं असतं. मी सांगते — मशीन सुरू होताना जे प्रोग्राम आपोआप उघडतात ते आधी बंद करा. नवीन घेताना रंगावर जाऊ नका, रॅम किती ते विचारा. गादीवर ठेवून वापरू नका, खालून हवा कोंडते. असं सांगताना मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर बंद करायचा म्हणून नुसतं स्क्रीनचं बटण दाबलं होतं आणि अख्खी बॅच हसली होती. त्याच बॅचच्या मुली आता मला विचारतात.

पण एक युक्ती मी कुणालाच सांगत नाही. साधी आहे. स्क्रीनच्या खाली, उजव्या टोकाला अगदी बारीक पट्टी असते. तिथे क्लिक केलं की उघडं असलेलं सगळं खाली जातं आणि मागचं चित्र समोर येतं. परत क्लिक केलं की सगळं जागेवर. कामाची आहे. कुणी विचारलं तरी मी टाळते.

का टाळते, तेच सांगायचं आहे.

आमचं गाव सौंदडजवळ. मी गोंदियाला होस्टेलवर राहते, शनिवारी पॅसेंजरनं घरी येते. बाबांनी मला लॅपटॉप घेऊन दिला तेव्हा आईनं त्याला कुंकू लावलं, अगदी झाकणाच्या मधोमध. मी पहिल्याच दिवशी मागच्या चित्राच्या जागी बाबांचा फोटो लावला. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या दिवशी काढलेला — प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, खांद्यावर नवा शेला, चेहरा असा की जणू कुणाचा न्याय करायला बसले आहेत. स्क्रीनभर बाबा. सगळे हसले. बाबासुद्धा जवळ येऊन स्वतःच्या मिशा बघून गेले.

वहिनी तेव्हा दारामागून बघत होती. ती देवरीकडची, जंगलातल्या गावची. बारावी झालेली. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि पुस्तकं तिकडेच राहिली. तिच्या माहेरची रीत अशी की सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही, पदर डोक्यावर, आवाज खाली. आमच्याकडे एवढं कुणी पाळत नाही. बाबा तिला म्हणायचेही, "बस ना वो सूनबाई, खुर्चीवर बस." ती मान हलवायची आणि जमिनीवरच बसायची.

मग एक दिवस बचत गटाच्या बैठकीतून ती वेगळाच चेहरा घेऊन आली. सगळ्या गटांचं मिळून एक कार्यालय होणार होतं. तिथे कॉम्प्युटरवर काम करायला बारावी झालेली बाई पाहिजे होती, याच भागातली. साहेबांसमोर बसून मराठीत टाइप करून दाखवायचं, एक तक्ता करून दाखवायचा, बस. ती माझ्याकडे आली तेव्हा हात अजून ओले होते, भांडी तशीच टाकून आलेली.

"बाई, मले शिकवता काय?"

मी वयानं तिच्याहून लहान. पण नणंद म्हणून ती मला बाई म्हणते, तुमी म्हणते. मी तिला तू म्हणते.

पहिल्यांदा मी तिला खुर्चीवर बसवलं, स्टुलावर लॅपटॉप ठेवला, झाकण उघडलं — आणि बाबा समोर आले. वहिनी सटकन खुर्चीवरून खाली! पदर डोक्यावर. मी पोट धरून हसले. तीही हसली.

"अवो, मामाजीच बसले न समोर!"

"फोटो आहे वहिनी."

"फोटो असला तं का झालं? डोये तं त्याईचेच न!"

तो फोटो बदलायला किती वेळ लागतो? राइट क्लिक करायचं, दुसरं चित्र निवडायचं. फूल, डोंगर, काहीही. मला येत होतं. मी बदललं नाही. मला त्यात मजा वाटली. तेव्हा एवढंच होतं — मजा.

तिनं तिचा उपाय शोधला. खाली बसूनच हात वर करून प्रोग्राम उघडायची, तो पडदाभर झाला आणि बाबा झाकले गेले की मग खुर्चीवर चढायची. आणि शिकायची तरी कशी! मी आठवडाभरानं यायची. मधल्या दिवसांत ती कागदावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं फिरवायची. मला वाटलं होतं, महिने लागतील. नाही लागले. थोड्याच दिवसांत ती खाली न बघता टाइप करू लागली. तक्ता करायला शिकली, बेरीज लावायला शिकली. ती टाइप करताना जीभ किंचित बाहेर यायची, लहान मुलीसारखी.

एकदा बाबा पाहुण्यांना सांगत होते. मी आत चहा करत होते. ते म्हणाले, "आता आमच्या घरी दोघी आहेत कॉम्प्युटरवाल्या."

दोघी.

या शब्दानं मला का टोचलं? मी अजून विचार करते. वहिनीनं माझं काय घेतलं होतं? त्या घरात ती पहाटे उठून सडा टाकायची, धानाच्या रोवणीला जायची, माझे होस्टेलचे कपडेसुद्धा धुवायची. मी आले की पोहे तयार. आणि मला मात्र वाटत होतं की माझ्याकडे एकच गोष्ट होती, तीही हिला हवी आहे.

आता मला ते सांगावंच लागेल.

होस्टेलवर एका मुलीकडे मी वायरलेस माउस पाहिला आणि तसाच आणला. नखाएवढा तुकडा लॅपटॉपच्या बाजूला लावायचा, की खोलीच्या कोपऱ्यातूनही माउस चालतो. मला फार आवडला होता. त्या रविवारी दुपारी घरी आम्ही दोघीच होतो. वहिनी खुर्चीवर बसून टाइप करत होती. मी मागे खाटेवर, कॅमेऱ्यात येणार नाही अशी एका बाजूला, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर तो माउस, आणि त्यावर माझी ओढणी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी आधीच सुरू करून ठेवलं होतं. ते मागे गुपचूप चालत राहतं. कॅमेऱ्याशेजारी बारीक दिवा लागतो. तिनं विचारलं, "हा दिवा कायचा वो?" मी म्हटलं, चार्जिंगचा.

मग मी त्या उजव्या टोकाच्या पट्टीवर क्लिक केलं.

तिचं टाइप केलेलं सगळं खाली गेलं, आणि बाबा वर आले. ती दचकून खुर्चीवरून उतरली, पदर ओढला. मी परत क्लिक केलं. बाबा गेले. ती इकडे-तिकडे बघत वर चढली, टाइप करू लागली. मी परत क्लिक केलं.

किती वेळा केलं? मोजलं नाही. बराच वेळ केलं. मला हसू दाबता येत नव्हतं, म्हणून ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

"माह्या हातानं काय दबते बाई? मी तं काहीच नाही दाबून राहिली."

त्या क्षणी मी ओढणी बाजूला करून माउस दाखवला असता तर? ती हसली असती. मला धपाटा घातला असता. गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हटलं — "नीट बघून कर वहिनी. काहीतरी दबत असेल तुझ्याच हातून."

मग ती हळू झाली. एका बोटानं टाइप करू लागली. बाकीची बोटं हवेत उचलून धरलेली, ताठ, म्हणजे चुकून कशाला लागू नयेत. तरी बाबा वर आले. मीच आणले ना.

हा व्हिडिओ मी होस्टेलच्या मैत्रिणींना पाठवला. सोबत लिहिलं, "सासरे ऑनलाइन". किती हसल्या सगळ्या. ज्यांच्यासमोर एकदा माझं हसू झालं होतं त्यासुद्धा. माझी बाजू बदलली होती — आता मी हसणाऱ्यांत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगते आहे.

तिथून तो कुठून कसा फिरला ते मला माहीत नाही. पण तो आमच्या गावात पोचला. दादानं पानठेल्यावर पाहिला, दुसऱ्याच कुणाच्या फोनवर, आपल्याच बायकोचा. वहिनी बोअरिंगवर पाण्याला गेली तर पोरं ओरडायची, "पदर घ्या वो, सासरे ऑनलाइन आले!" पुढच्या शनिवारी मी घरी आले तर दादा अंगणातच उभा होता.

"हा काऊन काढला?" त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "कोणं काढला?"

आई होती, बाबा खाटेवर होते. वहिनी दाराशी. सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. मला कॉम्प्युटरचं कळतं म्हणून, मी सांगेन म्हणून.

मी सांगितलं. मी म्हटलं, "वहिनीच्या हातून कॅमेऱ्याचं बटण दबलं असेल. मग ते आपोआप इंटरनेटवर जातं."

असं काही होत नाही. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण त्या अंगणात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. माझं एवढं शिक्षण मी त्या एका वाक्यात वापरलं.

वहिनीनं ते लगेच खरं मानलं. मला वाटलं होतं, ती रडेल, नाही म्हणेल. तिनं तसं काही केलं नाही. उलट जणू तिला उत्तर मिळालं — त्या दिवशी काहीतरी सारखं दबत होतंच ना. ती बाबांच्या खाटेपासून लांब, जमिनीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं मामाजी. माह्याच हातानं झालं."

बाबा म्हणाले, "जाऊ दे वो सूनबाई. तू काही वाईट नाही केलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तू तिले नीट समजावून देत जा."

मी हो म्हटलं.

त्या कामाच्या परीक्षेच्या दिवशी दादा मोटारसायकल काढून उभा होता. पोरं काही बोलली तर बघून घेतो म्हणाला. वहिनीनं नवं लुगडंही नेसलं होतं. पण ती बाहेर आली नाही. पोरांची लाज नव्हती तिला. ती म्हणाली, "तिथं सायेबाच्या समोर काही दबलं तं? पुऱ्या ऑफिसचं बिघडलं तं?" दादानं समजावलं, आईनं समजावलं. मी समजावलं नाही. मी समजावायला गेले असते तर मला खरं सांगावं लागलं असतं.

ती जागा दुसऱ्या गावच्या एका बाईला मिळाली. चांगलं काम करते म्हणतात. त्यानंतर वहिनी लॅपटॉपजवळ आली नाही. तो ज्या स्टुलावर असतो ते झाडतानाही ती आधी मला हाक मारते. मी उचलते, मग ती झाडते. बाबांचा फोटो मी त्याच आठवड्यात काढून टाकला. आता तिथे निळा डोंगर आहे. तिनं तो पाहिलेला नाही.

सांगायची संधी मिळाली नाही, असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघी एकत्र धान निवडलं आहे, एका ताटात जेवलो आहोत, नंतर झालेल्या तिच्या पोरीच्या आजारपणात दवाखान्यात शेजारी शेजारी बसलो आहोत. प्रत्येक वेळी तोंडाशी आलं. प्रत्येक वेळी मी गिळलं. आधी भीती होती की ती मला माफ करणार नाही. नंतर वेगळीच भीती वाटू लागली. ती माफ करेल. लगेच करेल, हसून करेल, आणि मग परत भांडी घासायला जाईल.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. दादानं तिला नवा टच फोन घेऊन दिला आहे. दुपारी ती माझ्याजवळ आली. फोन तळहातावर ठेवलेला, पेढ्याची बशी धरतात तसा, बोटं काठापासून लांब.

"आईले फोन लावून द्या न बाई. मी नाही लावत. माह्या हातानं भलतंच काही होईन."

मी तिच्या आईचं नाव शोधलं, लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. ती दोन्ही हात पोटाशी बांधून बोलू लागली. शेतीचं, पोरीचं, गाय व्यायल्याचं. मग तिकडून आईनं विचारलं असावं की फोन कोणी लावला.

"बाईनं लावून देल्ला," वहिनी म्हणाली. "लय जीव लावते वो मले."

मी तशीच फोन धरून उभी होते. बोलणं संपलं तशी तिनं मान मागे घेतली आणि बंद करा म्हणून मला खूण केली. मी बंद केला.