पाचव्या दिवशी न सापडणारी गाठ

माझी मुलगी पोट फाडून झाली. बेंबीखाली वीतभर व्रण राहिला. वर्षाच्या आत त्या व्रणाच्या खालच्या टोकाला सुपारीएवढी गाठ आली. एरवी ती असून नसल्यासारखी असे. मी बाहेर बसले की फुगे, निळसर होई आणि असा ठणका लागे, की लुगड्याच्या निऱ्यासुद्धा तिथे खोचवत नसत.

ते तीन दिवस मी मागच्या पडवीत घोंगडीवर. पाणी वरून, ताट लांबून. अशा अंगाने दवाखान्यात जायचं आमच्या घरात कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. चौथ्या दिवशी न्हायचं आणि पाचव्या दिवशी टांगा. तोवर गाठ बसलेली असे. डॉक्टरीणबाई दाबून बघत नि म्हणत, "व्रण चांगला भरलाय. थोडं घट्ट लागणारच."

असं तीनदा झालं. परत येताना सासूबाई म्हणाल्या, "दवाखाना दिसला की हिची गाठ पळून जाते. पंचवटी ओलांडून शहरात मिरवायची हौस, दुसरं काय."

ह्यांनी सांगितलं, "आता एकदा जा, ते शेवटचं. पुन्हा नाव काढायचं नाही."

चार माणसांत माझा शब्द फुटत नाही. पण पुढचे दिवस कधी येतील ते मला ठाऊक होतं. त्यातलाच एक वार सांगून टांगा ठरवायला लावला. दिवस सुरू झाले तरी कोणाला बोलले नाही. चूल पेटवली, पाणी भरलं. देवघरात मात्र पाऊल टाकवेना. मुलगी रडतेय म्हणून टाळलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंची बोटं व्रणावर थांबली. "पाळी चालू आहे का?"

सासूबाई मुलीला कडेवर घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मी खाली बघितलं. बाईंनी पुन्हा विचारलं.

"हो. आज दुसरा."

बाई म्हणाल्या, पोट शिवताना गर्भाशयाच्या आतलं अस्तर जखमेत राहिलं असावं. दर महिन्याला तेही आतल्या आत स्रवतं, बाहेर यायला त्याला वाट नाही. कापून काढावं लागेल. त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

सासूबाईंनी मुलीला खाली ठेवलं. अगदी हळू विचारलं, "मग सकाळचं पिठलं कोणी केलं?"

घरी आल्यावर सगळी भांडी अंगणात निघाली. मी घोंगडीवर. हे दारातूनच म्हणाले, "काय सांगितलं?"

"कापावी लागेल. चिठ्ठी दिलीय," म्हणून मी हात पुढे केला.

"असू दे तिथेच. चौथा दिवस होऊ दे, मग बघू."

चिठ्ठी घोंगडीच्या कडेला ठेवली. वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाण्याचा तांब्या ठेवला. त्याचा ओला गोल कागदावर उमटला. गाठ ठणकत होती, आणि आणखी दोन दिवसांनी ती बसणार होती.