मीठुं पाणी

माझ्या हाताला चव आहे. चारचौघांत हे माझ्या तोंडून निघणार नाही, पण एकटीने बसून लिहायला मला कोण अडवणार?

इकडे गुजराती मुलखात, नरोलीत, कंपनीत काम करणाऱ्या मुलींचं वसतिगृह आहे, तिथे मी स्वयंपाक करते. मुली बहुतेक आमच्या खानदेशातल्या. तिथलं बोअरचं पाणी फार जड, गिझर सारखे बिघडायचे. म्हणून आमच्या गुजराती मॅनेजरांनी पाणी मऊ करणारं मशीन बसवलं. एक उंच टाकी, तिच्यात बारीक मणी. शेजारी मिठाच्या पाण्याची टाकी. वर बटणांचा छोटा डबा. मणी पाण्यातला क्षार धरून ठेवतात. रात्री मशीन आपणच त्यांना मिठाच्या पाण्याने धुतं, मग साध्या पाण्याने खळबळून ते खारं पाणी गटारात सोडतं. कशाला किती मिनिटं द्यायची ते त्या डब्यात भरून ठेवतात.

पुढे सकाळचे पोहे खारट लागायला लागले. संध्याकाळचं जेवण मात्र नीट. मुली म्हणायच्या, "मावशी, मिठाची पिशवी फाटली का?" मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "बेन, मशीनचं मीठ पोह्यात टाकता की काय?" सगळे हसले. काही दिवसांनी मॅनेजर हसले नाहीत, म्हणाले, "असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल."

एके दिवशी मी पोह्यांत मीठच घातलं नाही. तरी खारट! मग नळाचं नुसतं पाणी तोंडात घेतलं, तेव्हा कळलं. सकाळी पहिला नळ माझा सुटतो, टाकीत राहिलेलं खारं पाणी माझ्याच पातेल्यात येतं.

धीर करून मॅनेजरांना सांगितलं, "साहेब, पाणी मिठाचं लागतंय."

"मीठुं लागे छे? तो सारुं ने!" म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

मी परत आले. खारट पाणी चांगलं कसं, तेच कळेना. मुलींना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. "मावशी, गुजरातीत मीठुं म्हणजे गोड पण! खारुं सांगा, खारुं!"

दुसऱ्या दिवशी खारुं सांगितलं. पण ते येतात उशिरा, तोवर सगळ्यांच्या आंघोळी होऊन नळाला गोडं पाणी आलेलं. मी सकाळचं पाणी पेल्यात झाकून ठेवलं होतं, तो पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "तुम्ही यात काय घातलं ते मला काय माहीत?"

खारट म्हटलं ते मी सोसलं. पण खोटी म्हटलं?

मशीन बसवणारा मिस्त्री धुळ्याकडचा. तो तपासणीला आला तेव्हा त्याला चहा दिला आणि विचारलं.

"मावशी, शेवटचं साधं पाणी मी बारा मिनिटं ठेवलं होतं. साहेब म्हणाले पाणी फुकट गटारात जातं, चार कर."

"कपडे एका पाण्यात काढून साबण जातो का?"

"मला नका सांगू. माझं बिल तेच देतात."

"मग मला दाखवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे नेलं. "हे बटण दाबून धरा. मग दाबत गेलं की अक्षर बदलतं. किल्लीसारखं अक्षर आलं की वरच्या बटणाने आकडा वाढवा. मग हात काढून थांबायचं, आकडा पक्का होतो. मी दाखवलं म्हणून सांगू नका हं."

"मी बोलते कुणाशी?"

पहिल्यांदा माझं चुकलं. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. घाईत मी दुसऱ्याच अक्षराला थांबले आणि मिठाचीच मिनिटं वाढवली. सकाळी एक मुलगी चहा थुंकून म्हणाली, "मावशी, दमणच्या समुद्रातून पाणी आणलं का?" सगळा चहा ओतून दिला, पिण्याच्या जारमधल्या पाण्याचा परत केला. दुपारी पुन्हा डब्यापाशी गेले. मिठाचा आकडा होता तसा केला, किल्ली शोधली, बारा केले. दुसऱ्या दिवशीचं पाणी पाण्यासारखं लागलं.

मॅनेजरांनी गटाराला जास्त पाणी पाहिलं आणि चार केले. मी बारा केले. त्यांनी परत चार केले, मी परत बारा.

मग एका सकाळी ते मुली खात असताना आले. "डब्याला हात कोण लावतं?"

माझ्या हातात झारा होता.

"मी."

"बेन, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"नाही."

"मग?"

"पाणी चाखता येतं. परत चार केलेत तर मी परत बारा करीन. दुसरी बाई आणायची तर आणा. तिच्या पोह्यांनाही हेच पाणी लागणार आहे."

एवढं लांब मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. मागून एक मुलगी म्हणाली, "साहेब, आजचे पोहे खाऊन तर बघा." ते न खाताच गेले.

मला कुणी काढलं नाही. आकडा बाराच आहे. ते मात्र सांगत फिरतात, मशीन नवं होतं, आता आपोआप सेट झालं. सांगू देत. आपोआप झालेलं नाही, मी केलंय. मी जाता-येता डब्याकडे बघते. आकडा हलला तर किल्लीसारखं अक्षर मला आता सापडतं.