गैरहजर असेल तो सरपंच

आमच्या ब्रेझिना गावाच्या वेशीवर हिरवी पाटी आहे. लोकसंख्या एकशे चार. हा आकडा मागल्या जनगणनेचा. त्यानंतर काही माणसं लिंकन शहरात राहायला गेली, काही टेकडीवरच्या दफनभूमीत, आणि दोन्ही ठिकाणांहून परत यायची कुणाची रीत नाही. पाटी मात्र तशीच. लूमिर तिखोता म्हणतो, "शंभराच्या वर आहोत तोवर गाव म्हणायचं. खाली घसरलो की नुसती वस्ती." त्याच्या घरात माणसं दोन आणि मांजरं अकरा, त्यामुळे त्याच्या हिशेबाने आम्ही अजून सुखरूप आहोत.

एवढ्याशा गावाला पाच पंच लागतात आणि त्या पाचांतला एक सरपंच. मान मिळतो चमचाभर, शिव्या बादलीभर. कुणाचा कुत्रा कुणाच्या टोमॅटोत शिरला की सरपंच. हिवाळ्यात बर्फ पडला की अंधारात उठून किती पडलाय ते बघायचं आणि रस्ता साफ करणाऱ्या गाडीवाल्याला जागं करायचं, तेही सरपंचाने, म्हणजे त्या दिवसांत गाव सोडायची सोय नाही. असली नोकरी कोण मागून घेईल? म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली. डिसेंबरच्या बैठकीत निवडीच्या वेळी जो पंच खोलीत नसेल, त्याला सरपंच करून टाकायचं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण कायदा लिहिणाऱ्यांना कुठे ब्रेझिनात राहायचं होतं!

या पद्धतीमुळे डिसेंबरच्या बैठकीला अशी हजेरी लागते की आमचे पाद्री जळून खाक होतात. ताप असो, गाय व्यालेली असो, पंच खुर्चीत. मग सगळेच हजर, निवड होत नाही, आणि आहे तोच सरपंच पुढे चालू. अर्डिथ झावादिल ही अशीच वर्षानुवर्षं पुढे चालू राहिलेली बाई.

ती सरपंच झाली त्याची गोष्ट मला तोंडपाठ आहे, कारण मी ती तिच्यासमोर दर नाताळात सांगतो आणि ती दर नाताळात मला लाटण्याने धमकावते. अर्डिथ शाळेत स्वयंपाकीण होती. पोरं संपली तशी शाळा बंद झाली, आणि रिकामी बसवेना म्हणून ही पंच झाली. पहिल्याच डिसेंबरात बैठक चालू असताना उठून शेजारच्या स्वयंपाकघरात गेली. बाकीच्या चौघांना कॉफी हवी होती. किटली घेऊन परत आली तर टाळ्या!

"कशाच्या टाळ्या?" तिने विचारलं.

"अभिनंदन, सरपंचीणबाई," लूमिर म्हणाला. "आणि माझ्या कपात साखर नको."

तेव्हा तिची जनेल शाळकरी होती. पुढे जनेल शिकली, लिंकनला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. अर्डिथचा नवरा एल्विन शेवटी लिंकनच्याच दवाखान्यात होता. त्याही दिवसांत आभाळ भरून आलं की ही त्याच्या उशापासून उठून गाडी हाकत गावाकडे यायची. बर्फासाठी! एल्विन हसून म्हणायचा, "जा बाई, तुझी सवत बोलावतेय." एका वादळात ती अशीच इकडे आली आणि तो तिकडे गेला. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. आणि मी, ज्याला काही सांगितलं की ते गावभर होतं, मीही तिला कधी विचारलं नाही.

आता जनेलला पहिलं मूल होणार होतं, आशा सोडल्यावर दिवस गेलेले. ती आईला म्हणाली, "आई, या वेळी मला अर्धी येऊ नकोस. सगळा हिवाळा ये."

म्हणजे सरपंचपद सोडायला हवं. पण नुसतं सोडून चालणार नव्हतं. सरपंच नाही असं कळलं की कौंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे लोक गाव मोडीत काढायला मोकळे. रस्त्यावरचे दिवे जाणार, ब्रेझिना हे नाव जाणार. तेव्हा कुणीतरी बैठकीला गैरहजर राहायला हवं होतं, आणि अर्डिथने त्यासाठी आधीच्या वर्षांत काय काय केलं नव्हतं! एकदा विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या पोरींचा मोठा सामना होता, बरोब्बर त्याच वेळी बैठक लावली. डॅरेल सोबोटका कानात रेडिओ खुपसून आला आणि भलत्याच ठरावावर "हाण!" म्हणून ओरडला. एकदा लूमिरला सांगितलं की बैठक चर्चच्या तळघरात आहे. तिथला अंधार पाहून तो पायजम्यावर कोट चढवलेल्या अवस्थेत धावत आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "मी हजर आहे. लिहून घ्या!"

या डिसेंबरात संध्याकाळी बैठक भरली तेव्हा पाचही जण हजर. पंच नसलेला मी एकटाच, मागच्या बाकावर, हातात खसखशीचा कोलाचे, म्हणजे आमच्याकडचा गोड पाव. अर्डिथ मधल्या खुर्चीत, लाकडी हातोडी समोर. दुपारीच जनेलचा फोन येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, आज नाही तर उद्या.

तेवढ्यात डॅरेलची बायको दार ढकलून आत आली. "चर्चपुढे पाइप फुटलाय! रस्त्याची काच झालीय नुसती!"

पाणीवाला सासुरवाडीला गेलेला. पंचांनी एकमेकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. लूमिरचे बदललेले, डॅरेलचे बदलायचे आणि म्हाताऱ्या क्लेटसला काय फुटलं हेच ऐकू आलं नव्हतं. मग पाचवी पंच, रोझाल्बा ओचोआ, उठली. गावातला बंद पडलेला बार विकत घेऊन चालवणारी ही. लूमिर रोज दुपारी तिला सांगतो, "तुझ्या मिरचीने एक दिवस मी मरणार," आणि ताटली पुसून खातो. तिने कोपऱ्यातली व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकली आणि बाहेर गेली.

दार लागलं. लूमिरच्या मिशा हलायला लागल्या.

"सरपंचीणबाई, खोलीत एक पंच कमी दिसतोय."

"अरेच्चा, खरंच की," डॅरेल म्हणाला. "मी रोझाल्बाचं नाव सुचवतो."

"माझा पाठिंबा. हात वर करा. क्लेटस, हात वर कर!"

क्लेटसने दोन्ही केले.

आता अर्डिथने फक्त हातोडी आपटायची होती. तिने ती उचललीसुद्धा. मी कोलाचे चावायचा थांबलो.

"नाही," ती म्हणाली.

"नाही काय? झाली निवड!"

"ती आपल्या पाण्यासाठी चिखलात उभी आहे, लूमिर. मी तुमच्यासाठी किटली आणायला गेले होते. मला विचारलं होतंत कुणी?"

"मग बस तूच आणखी एक हिवाळा."

"बसेन," ती म्हणाली आणि हातोडी खाली ठेवली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. मी बाकावरून सगळं पाहतो.

रोझाल्बा परत आली ती केसांत गोठलेलं पाणी घेऊन. "बंद केलं. पाद्रीबाबांना सांगा, उद्यापर्यंत अंघोळ नाही." मग तिने सगळ्यांची तोंडं पाहिली. "काय झालं? कोण गेलं?"

डॅरेलने अडखळत सांगितलं. ती ऐकत ऐकत हात पुसत होती.

"म्हणजे दोन्या अर्डिथ लेकीकडे जाणार नाहीत, कारण मी पाइप बंद करायला गेले?" वडीलधाऱ्या बाईला ती आपल्या स्पॅनिशमध्ये दोन्याच म्हणते. "अहो, मग मला विचारायचं! भाजी-बीन्स शिजवायला मी पहाटे उठतेच. गाडीवाल्याला एक फोन करायला काय जातंय? आणि तुम्हा सगळ्यांची भांडणं तर रोज दुपारी फुकट सोडवते."

"विचारायचं?" लूमिर असा दचकला, जणू तिने त्याला नाचायला बोलावलं. "इथे कुणी कुणाला विचारत नाही, पोरी."

"मग आज विचारा. मोठ्याने."

खोलीत कुणाला सुरुवात जमेना. शेवटी अर्डिथ उभी राहिली. घसा खाकरला. "रोझाल्बा, सरपंच होशील?"

"होते की. पण कॉफी लूमिर करणार."

हात वर झाले, या वेळी क्लेटसचा एकच. लूमिर कुरकुरत स्वयंपाकघरात गेला आणि मधलं दार लागू नये म्हणून त्यात खुर्ची अडकवून ठेवली.

अर्डिथ माझ्या बाकाशी आली. "सरक." बसली, बूट काढले, पायाची बोटं हलवून पाहिली आणि इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं, एवढी वर्षं तो तिने धरूनच ठेवला होता. मग हात वर केला.

"सरपंच, माझी तक्रार आहे. माझ्या दारापुढे मोठा खड्डा आहे."

"इतकी वर्षं सरपंच कोण होतं?" रोझाल्बाने विचारलं.

"एक आळशी बाई होती. बरं झालं गेली."

सगळ्यांत आधी हसला लूमिर, तोही आतून, किटलीपाशी.

बैठक संपायला अजून बरेच विषय होते, पण अर्डिथने बूट चढवले आणि कोट घेतला. आभाळ भरून आलं होतं. दारात ती क्षणभर थांबली, वर पाहिलं, सवयीने. मग गाडीत बसली. खिडकीतून मी तिचे दिवे पाहत राहिलो. लिंकनच्या रस्त्याला वळले आणि दिसेनासे झाले. बर्फ भुरभुरायला लागला तसा रोझाल्बाने फोन उचलला.