न वळलेली मान

ये गं माय, फोन चालू केलास की हा निरोप जवळ बसल्यासारखं ऐक. आईवर रुसून कुणी फोन बंद ठेवतं का?

तुझं लेकरू वर्षाचं होत आलंय. त्या दिवशी मी त्याच्यासंगं वाटी लपवायचा खेळ खेळत होते. पदराखाली वाटी ठेवली की ते पदर ओढायचं, वाटी काढून हसायचं. हुशार हाय, बिलकुल शंका न्हाई. मंग मी त्याच्या पाठीमागं बसून खुळखुळा वाजवला. ते वळलं न्हाई. हाक मारली, तरी न्हाई. शेवटी ताटलीवर पळी आपटली. दारातली मांजर पळाली, लेकरू आपलं वाटीशीच खेळून राह्यलं.

मागं गावातल्या लग्नात बँडच्या गाडीपाशी ते गाढ झोपलं, तवा सगळे म्हणले, "किती गुणी लेकरू."

तुला सांगितलं तर तू म्हणलीस, "आई, तुला माझ्या लेकरात खोटच दिसती." आन् सासरी, आष्टीची गाडी धरलीस.

खोट न्हाई गं. त्याला माझा आवाज पोचत न्हाई, वाटतं. ती न वळलेली मान डोळ्यापुढून हलत न्हाई. त्याला घेऊन जल्दी ये, जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं संगं जाऊ.