आजीची रुग्णसेवा

आमच्या आजीच्या सेवेतून जो रुग्ण जगला, तो पुढे आयुष्यात कुठल्याच दुखण्याला घाबरला नाही. नागपुरात आमचं घर दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि विदर्भातल्या आमच्या यच्चयावत नातेवाइकांना दुखणं मोठं झालं की धंतोलीच गाठायची सवय. त्यामुळे आजीला सेवेसाठी माणसांचा तुटवडा कधी पडला नाही. चुलत, मावस, सोयऱ्याचा सोयरा, कुणीही चालायचा. अट एकच, त्याला पलंगावरून उठून पळता येता कामा नये.

रामटेकच्या एका मामांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनची बातमी आजीपासून लपवून ठेवली होती. त्यांच्या बायकोने भाबडेपणाने आमच्याकडे फोन करून एक जादा उशी मागितली. अर्ध्या तासात उशी पोचली, आणि उशीमागून आजी. मामांच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "घाबरू नको गा. आमच्या शेजारच्याचं असंच ऑपरेशन झालं होतं."

"मग?" मामांनी आशेने विचारलं.

"मग काय," आजीने सुस्कारा सोडला, "चांगला माणूस होता."

मामांचं ब्लडप्रेशर त्या दिवशी दोनदा तपासावं लागलं.

भेटायची वेळ नावाचा नियम आजीला लागू नव्हता. दारावरच्या चौकीदाराने अडवलं की ती गुडघा धरून कण्हायची आणि पेशंट म्हणून आत शिरायची. एकदा एक उत्साही वॉर्डबॉय नवा लागला होता. त्याने तिला चाकांच्या खुर्चीत बसवून थेट एक्स-रेच्या खोलीत नेलं. आजीने मुकाट्याने गुडघ्याचा फोटो काढून घेतला आणि तो काखोटीला मारून तिसऱ्या मजल्यावर आतेभावाला भेटायला गेली. "या लोकाइचा स्वभाव बाकी चांगला आहे," ती घरी येऊन म्हणाली, "न सांगता काम करून राहिले."

या साऱ्या सेवेत डबा मुख्य. खिचडी, मऊ भात, ज्वारीच्या कण्या, आणि रुग्ण बरा होत आला की बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात. हा स्वयंपाक अर्थातच माझी आई करायची. माया आजीची, गॅस आईचा. सगळे नातेवाईक बरे होऊन गावी गेले की आजीचं नाव घ्यायचे आणि रिकामे डबे आईकडे घासायला यायचे. वर्षानुवर्षं आई काही बोलली नाही. एकदा मात्र कणीक मळता मळता आजीला म्हणाली, "आई, मलाही एकदा आजारी पडू द्या. तेवढंच तुम्ही माझ्याजवळ बसाल."

"तू काही आजारी पडणाऱ्यातली नाहीस वं," आजी म्हणाली. तिने हे कौतुकाने म्हटलं होतं. आईला ते कौतुक पचायला बरेच दिवस लागले.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आजी न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बाबांनी वेगळी खोली घेतो म्हटलं, तर तिने पडल्या पडल्या हात झटकला. "एकटी पडून भिंतीशी बोलू का? मले सगळ्यात ठेव." तिला जनरल वॉर्ड मिळाला आणि वॉर्डाला आजी मिळाली. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने उशीवरूनच कारभार हाती घेतला. कोणाची सलाईन संपत आली, कोणी गोळी गालात धरून ठेवली, याची वर्दी नर्सला पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मिळू लागली.

शेजारच्या पलंगावर गडचिरोलीकडची एक बाई होती. पायाला पट्ट्या, नवरा धान कापायला गावी परतलेला. आईने डबा उघडला की आजी अर्धा तिच्याकडे सरकवायची. शेवटी आईला म्हणाली, "उद्यापासून दोन आण." आई जिन्यात मला म्हणाली, "स्वतः पेशंट झाल्या तरी यांची सेवा सुटत नाही, आणि माझीही." दुसऱ्या दिवशी तिने दोन डबे नेले, वर लिंबाचं लोणचं.

आठवड्याने एका संध्याकाळी आजीला धाप लागली. तिला खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. बाबा तिथेच थांबले. सकाळी आईने नेहमीप्रमाणे दोन डबे भरले, झाकणं लावली, आणि तेवढ्यात बाबांचा फोन आला. आजी गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा कागदांवर सह्या करत होते. नातेवाईक जमायला लागले होते. रामटेकचे मामा कोपऱ्यात उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. आई बराच वेळ आजीजवळ उभी राहिली. मग पिशवी उचलून ती जिन्याकडे निघाली. मी मागे गेलो.

वॉर्डातल्या आजीच्या पलंगावर नवी चादर होती. आईने त्या बाईला उठून बसायला हात दिला, डबा उघडून मांडीवर ठेवला.

"आजीले कसं आहे आता?" बाईने विचारलं.

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "झोपल्या आहेत," ती म्हणाली.

"झोपू द्या त्याइले," बाई घास कालवत म्हणाली. "काल दिवसभर लय बोलल्या. थकल्या असतीन."

आई मान हलवत स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. खाली सगळे खोळंबले होते, पण बाईचं जेवण होईपर्यंत ती उठली नाही.