डोळे आल्याचा फोन

आधी क्षमा मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी आजवर जे काही लिहिलं ते पेशंटच्या कागदावर: वेळ, औषध, ताप किती, खाली सही. तिथे स्वतःबद्दल काही लिहायचं नसतं. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नोकरी करून शिकता, तुमच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी असणारच." म्हणून बसलो. पण बसलो की मला एकच सकाळ आठवते, आणि ती सांगायची तर माझी नोकरी कसली ते आधी सांगावं लागतं. दोन वर्षं मी वर्गात ते सांगितलेलं नाही.

मी नर्स आहे. हॉस्पिटलात आम्हा पुरुषांना ब्रदर म्हणतात.

बारावीनंतर मी नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि ठाण्यात बाळकुमच्या बाजूला एका ट्रस्टच्या लहान हॉस्पिटलात लागलो. घर मानपाड्याला. बाबा तिथल्याच एका रंगाच्या कंपनीत मशीनवर आहेत. बीए करायचं हा माझा हट्ट होता. सकाळी सात ते अकरा कॉलेज, दुपारी दोन ते आठ ड्युटी. शनिवारी कॉलेज नसतं म्हणून त्या दिवशी सकाळची ड्युटी. वर्गातली मुलं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मला दादा म्हणतात. पहिल्या दिवशी ओळख करून देताना "हॉस्पिटलमध्ये आहे" एवढंच बोललो. "ऑफिसला?" असं शेजारच्या मुलाने विचारलं आणि मी मान हलवली. तेवढंच. खोटं बोलण्यासाठी मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

पुढे एकदा कॅन्टीनमध्ये हाच मुलगा त्याच्या आजीच्या आजारपणाचं सांगत होता. "तिकडे एक ब्रदर होता. आजीचं बेडपॅन उचलायला आला. आजी म्हणते, मेल्या, तुझं लग्न झालं का? झालं नसेल तर होणार पण नाही." सगळे हसले. मीही हसलो. नंतर तो म्हणाला, "मला तर त्याचीच दया आली, दादा. आईबापाने एवढं शिकवलं असेल त्याला." तेव्हा सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांची पंचाईत झाली असती, बाकी काही नाही. मी चहाचा कप धुऊन ठेवला आणि ड्युटीला गेलो.

मग गेल्या वर्षी एका गुरुवारी वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. आपल्या एनएसएसची मुलं शनिवारी सकाळी नऊ वाजता मोतीबिंदूच्या शिबिरात मदतीला जाणार. खाली हॉस्पिटलचं नाव. ते माझं हॉस्पिटल होतं. त्याखाली शेजारच्या मुलाचा मेसेज: "दादा, तुमच्याकडेच येतोय. ऑफिसात एसी आहे ना?"

आमच्याकडे महिन्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून येतात आणि शनिवारी ऑपरेशनं करतात. ज्यांना शुगर असते त्या म्हाताऱ्यांना शुक्रवारीच दाखल करून घेतात. त्या शुक्रवारी असे चौघे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं.

त्यात बाळकुमच्याच एक आजी होत्या. मूळच्या गाववाल्या, आता त्यांच्या शेताच्या जागी उंच इमारती आहेत. एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनला त्या तीन वर्षं नाही म्हणत होत्या. मुलगा जहाजावर नोकरीला. तो सुट्टीवर आला होता, त्याने समजावून समजावून आणलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला परत जायचं होतं. सून माहेरी बाळंतपणाला. त्यामुळे जे व्हायचं ते या शनिवारीच व्हायचं होतं.

"हात थंड हायेत तुजे," थेंब घालताना त्या म्हणाल्या.

"आत्ताच धुतले, आजी."

"दर टायमाला धुतो? कातडी जाईल रं पोरा." मग जरा वेळाने, "उद्या तूच आसशील ना? का दुसरा कोन?"

"मीच आहे सकाळी."

"मंग बरा. मना आत नेतील तवा तू हात धर. माज्या पोराला रगत बगवत नाय, तो पडंल आनि मनाच त्याला उचलाया लागंल."

त्यांचा मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो हसला आणि म्हणाला, "भाकरी तव्यावर जळते ते वासावरून कळतं हिला, तरी म्हणते मला दिसतं."

"दिसतं," आजी म्हणाल्या. "तू दिसत नाय, कारन तू घरात नसतो."

मी त्यांना हो म्हणालो. हात धरीन म्हणालो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

शनिवारी पहाटेच उठलो. बाबांची पहिली पाळी होती, ते बूट घालत होते. बाबांनी कंपनीत आजवर खाडा केल्याचं मला आठवत नाही. अंगात ताप घेऊन गेलेले आठवतात. ते निघाले आणि मी गॅलरीत फोन घेऊन उभा राहिलो. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. मी निळ्या गणवेशात, हातात झाकलेलं भांडं, आणि जिन्यावरून वर्ग वर येतोय.

सुट्टीसाठी काय सांगायचं याचा विचार मी नर्ससारखाच केला, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ताप म्हटलं तर सिस्टर म्हणतील गोळी घे आणि ये, इथेच सलाईन लावू. पोट बिघडलं म्हटलं तर म्हणतील दुपारपर्यंत बघ. आम्ही दुसऱ्यांच्या आजारपणात दिवस काढतो, आमच्या आजारपणावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. पण एक दुखणं असं आहे की ते सांगितलं की वॉर्डवालेच हात जोडतात, येऊ नको म्हणतात. शिवाय त्या वर्षी साथही होती. मी फोन लावला.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. तीस वर्षं ठाण्यात आहेत, मराठी आमच्यापेक्षा हळू आणि स्वच्छ बोलतात.

"सिस्टर, डोळे आलेत. दोन्ही. सकाळी उघडतच नव्हते."

मला वाटलं ओरडतील.

"काल संध्याकाळी काही वाटत होतं?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं पक्कं व्हावं म्हणून म्हणालो, "थोडं खुपत होतं."

"बरं. येऊ नको. चार दिवस येऊ नको. घरात टॉवेल वेगळा ठेव."

फोन ठेवला आणि मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. आत जाऊन आईला सांगितलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून तिलाही तेच. तिने माझ्या डोळ्यांत बघितलंही नाही. बघितलं की लागतं असं तिला वाटतं. तिने उशीचा अभ्रा बदलला, माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला लावला आणि खाली मेडिकलमध्ये गुलाबपाणी आणायला गेली.

ती जिन्यात असेल तेव्हा फोन वाजला. आमच्या वॉर्डातली दुसरी सिस्टर, कल्याणची. माझ्याच बॅचची आहे. रात्रपाळी संपवून निघायची होती ती, माझ्यामुळे थांबली होती.

"अरे, कसा आहेस? इथे नुसता गोंधळ. चारही केस कॅन्सल."

"कुठल्या?"

"मोतीबिंदूच्या, आणखी कुठल्या? काल थेंब तूच घातलेस ना सगळ्यांना? डॉक्टर म्हणाले, ज्याचे डोळे आलेत त्याने हात लावलेल्या पेशंटच्या डोळ्यात मी सुरी घालणार नाही. बाकीचे चौदा होतील. या चौघांना पुढच्या महिन्याची तारीख."

डोळ्यांची साथ हातांनी पसरते हे नर्सिंगला पहिल्या वर्षी शिकवतात, ते मला सुचलं नव्हतं. मी फक्त स्वतः न दिसण्याचा विचार केला होता. सिस्टरांनी काल काही वाटत होतं का हे कशासाठी विचारलं, ते आत्ता कळलं.

"बाळकुमच्या आजी?" मी विचारलं.

"त्यांचा मुलगा हातापाया पडतोय रे डॉक्टरांच्या. आजी मात्र शांत. म्हणाल्या, पोराचे डोळे आलेत तर तो तरी काय करणार."

तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. ऑपरेशनं साडेनऊला सुरू होणार होती. म्हणजे वेळ होता. मी सिस्टरांना फोन करून सांगायला हवं होतं की माझे डोळे ठीक आहेत, हवं तर येऊन दाखवतो. मानपाड्याहून रिक्षाने निघालो असतो तरी पोचलो असतो. सिस्टरांचा नंबर काढला, एकदा रिंगही गेली, आणि मी कट केला. नोकरी जाईल असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. सिस्टर ओरडल्या असत्या, मेमो मिळाला असता. मला भीती जिन्याची होती. नऊ वाजता मुलं येणार होती.

सिस्टरांचा मेसेज आला: "फोन केलास? काही हवं आहे?" मी लिहिलं, "नाही सिस्टर. चुकून लागला."

आई गुलाबपाणी घेऊन आली. मी डोळे मिटून पडलो आणि तिने कापसाच्या घड्या ठेवल्या. दुपारी पाळी संपवून बाबा आले. दारातूनच म्हणाले, "खाडा पडला?" मी म्हणालो हो. ते म्हणाले, "पडू दे. डोळे आधी." असं बोलणारे ते नव्हेत. त्यांनी ओरडायला हवं होतं.

चार दिवस घरी म्हणजे कॉलेजलाही जाता येत नव्हतं, पण सोमवारी माझी तोंडी परीक्षा होती. काळा चष्मा लावून गेलो. मुलं शिबिराबद्दलच बोलत होती.

"दादा, तुमच्या ऑफिसात शोधलं तुम्हाला. कुणाला माहीतच नाही तुम्ही."

"मी त्या दिवशी नव्हतो."

"बरं झालं. बाळकुमच्या एक आजी होत्या, मीच त्यांना हात धरून रिक्षापर्यंत सोडलं. ऑपरेशन कॅन्सल झालेलं. कोणीतरी ब्रदर डोळे आलेले असताना आदल्या दिवशी कामावर आला आणि सगळ्यांना हात लावत फिरला. अक्कल नाही काय लोकांना? कोण आहे तो, तुम्हाला माहीत असेल."

"नाही," मी म्हणालो. "वॉर्डातल्या लोकांशी माझा तसा संबंध येत नाही."

तो मुलगा चांगला आहे. त्या आजींना हात धरून त्याने जिन्यावरून खाली आणलं होतं. जे मी करीन म्हणालो होतो ते, फक्त उलट दिशेने.

पाचव्या दिवशी ड्युटीवर गेलो. सिस्टरांनी मला खिडकीशी नेलं, पापण्या खाली ओढून टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिल्या.

"लाली अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांत इतके साफ मी कधी बघितले नाहीत."

त्या थांबल्या. खरं बोलायला ही जागा त्यांनी मला दिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "गुलाबपाणी घातलं." त्यांनी टॉर्च बंद केला आणि म्हणाल्या, "तीन नंबरचं ड्रेसिंग राहिलंय."

पुढच्या महिन्याच्या यादीत चौघांपैकी तिघे होते. आजी नव्हत्या. त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हत्या. प्रत्येक शिबिराच्या आदल्या दिवशी मी यादी बघायचो. मुलगा गेला असणार, आणि त्याच्याशिवाय त्या येणार नाहीत हे त्यांना एकदा भेटलेल्यालाही कळलं असतं. केसपेपरवर पत्ता होता. माझी शेअर रिक्षा रोज बाळकुम नाक्यावरून जाते. दोनदा उतरलो. दोनदा नाक्यावरच चहा घेऊन दुसरी रिक्षा पकडली. काय सांगणार होतो, ते ठरत नव्हतं. सांगायचं ठरलं असतं तर पायांना रस्ता ठाऊक होता.

वर्गात अजून कुणाला माहीत नाही. हे वाचून माहीत होईल. शेजारच्या मुलाला एवढंच सांगायचं आहे की तो ब्रदर मी होतो. डोळे आलेले असताना कामावर गेलो नव्हतो. त्याहून वाईट केलं होतं.

परवा ड्युटी बदलताना कल्याणची सिस्टर म्हणाली, "अरे, सांगायचं राहिलं. तुझ्या बाळकुमच्या आजी शुगर तपासायला आल्या होत्या. मुलगा जहाजावरून आला, त्याने दुसरीकडे नेऊन ऑपरेशन करून घेतलं. छान दिसतं म्हणाल्या. मला बघून म्हणतात, तू एवढी काळी असशील असं वाटलं नव्हतं."

मी विचारलं, किती महिने गेले मधे.

"नऊ. सून अजून माहेरीच होती, एकट्याच होत्या म्हणे. एकदा भाकरीबरोबर हातपण तव्यावर टेकला, डाग दाखवला मला." मग तिने पर्स उघडली आणि पेपरात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. ऑपरेशननंतर पेशंटला देतात तो काळा चष्मा होता, एका काडीला पांढरा दोरा बांधलेला. "हा तुला पाठवलाय. म्हणाल्या, माझं काम झालं, त्या पोराला दे, त्याचे डोळे लवकर येतात."